बीपी नॉर्मल असताना बीपीची गोळी कशाला? (आबांचं प्रोटीन, क्रिएटिनिन आणि टेल्मिसार्टन)

वारणाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, वडिलांबद्दल विचारायचंय, जरा लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचे आबा ६१ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. साखर १४ वर्षांपासून आहे, नोकरीत असताना जेवणाच्या वेळा कधीच पाळता आल्या नाहीत त्यामुळे साखर कायम वरखाली. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच सांगितलं की लघवीला फेस येतोय, पाणी ओतलं तरी लगेच जात नाही. डॉक्टरांनी लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो नावाची तपासणी (लघवीतून किती प्रोटीन जातंय ते कळतं) करायला सांगितली, ती ३४० आली. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) १.२, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ६९. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० रोज एक सुरू केली आणि तीन आठवड्यांनी परत रक्त तपासायला सांगितलं.

आता गोंधळ असा की आबांचं बीपी घरच्या मशीनवर १२८/८० च्या आसपासच असतं, कधीच फार वाढलेलं नव्हतं. मग बीपीची गोळी का? तरी घेत होते. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.४ आलं आणि ईजीएफआर ५७. तो रिपोर्ट आत्याच्या मिस्टरांनी बघितला (आम्ही त्यांना मामा म्हणतो) आणि म्हणाले की बघ, बीपीच्या गोळ्यांनीच किडनी जाते, आमच्या गावात दोघं असेच डायलिसिसवर बसले. झालं, आबांनी त्या दिवसापासून गोळी बंद. मला काल कळलं, तेही टेबलावरची पट्टी उचलली तेव्हा, वरच्या सहा गोळ्या गेलेल्या आणि खालच्या चार तशाच. विचारलं तर म्हणाले अगं बीपी नाहीच मला. मला भांडायचं नाहीये त्यांच्याशी, पण समजावून सांगायला माझ्याकडेच नीट शब्द नाहीत. कुणाला अनुभव आहे का?

मनोहर_के | सोमवार, रात्री १०.१५

ताई, तुमच्या मामांचं अगदीच चूक म्हणता येणार नाही. आमच्या शेजारच्या काकांना बीपीच्या तीन गोळ्या होत्या आणि तीन वर्षांत किडनी गेली. गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं हे तर तुम्ही स्वतःच लिहिलंय. मी असतो तर आधी गोळी थांबवून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं असतं.

रक्तशुद्धी | सोमवार, रात्री ११.०५

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, ११ वर्षं हेच काम करतोय, म्हणून मनोहररावांना आदराने सांगतो की तुमच्या काकांना तीन गोळ्या होत्या कारण किडनी आधीच खराब होत चालली होती आणि त्यामुळे बीपी वाढत होतं. किडनी बिघडली की बीपी वाढतं, बीपी वाढलं की किडनी अजून बिघडते, म्हणून गोळ्या वाढत जातात आणि बघणाऱ्याला वाटतं गोळ्यांनी झालं.

आमच्याकडे खुर्चीवर बसणाऱ्यांत साखरेचे पेशंट भरपूर असतात. सुई लावताना मी फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या) हातावर बोटं ठेवतो, आत रक्त धावतं त्याची थरथर लागते, आणि त्या दोन मिनिटांत माणसं बोलतात. "बीपी नॉर्मल झालं म्हणून मीच सोडली गोळी" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय याचा हिशोब नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. ताई, आबांची अजून ती वेळ अजिबात नाही, ५७ म्हणजे हातात खूप काही आहे. उद्याच डॉक्टरांना फोन करा.

कन्हेरीचा_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ७.२०

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. पेशंट समोर नसताना गोळी घ्या किंवा सोडा असं मी सांगणार नाही, तो निर्णय आबांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा. पण हा प्रश्न माझ्या ओपीडीत रोज येतो म्हणून नीट लिहितो.

पहिली गोष्ट, ही गोळी आबांना बीपीसाठी दिलेली नाही, लघवीतल्या प्रोटीनसाठी दिलेली आहे. त्या रेशोत ३० च्या आत नॉर्मल, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालीय, ३०० च्या वर म्हणजे गळती जोरात आहे. आबांचे ३४०. (ताप, लघवीचं इन्फेक्शन किंवा जास्त श्रम झालेले असतील तर आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून ही तपासणी परत करून खात्री करतात, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीची.)

दुसरी, सगळ्या बीपीच्या गोळ्या सारख्या नसतात, आणि हे नुसतं म्हणण्यावर नाही, मोजून बघितलेलं आहे. २००१ साली एक मोठा अभ्यास छापून आला, साखर, बीपी आणि किडनीचा त्रास तिन्ही असलेले १,७१५ लोक, काहींना इर्बेसार्टन (टेल्मिसार्टनच्याच जातीची), काहींना अ‍ॅम्लोडिपिन (वेगळ्या जातीची बीपीची गोळी) आणि काहींना दिसायला गोळीच पण आत औषध नसलेली. बीपी दोन्ही औषधांनी जवळपास सारखंच उतरलं. पण किडनी बिघडण्याचा, डायलिसिसचा किंवा मृत्यूचा एकत्र धोका इर्बेसार्टनवाल्यांत अ‍ॅम्लोडिपिनपेक्षा २३ टक्क्यांनी कमी होता. मशीनवरचा बीपीचा आकडा सारखा, किडनीचं नशीब वेगळं! त्याच वर्षी लोसार्टनवर १,५१३ लोकांचा अभ्यास आला, त्यात डायलिसिसच्या पायरीपर्यंत जाण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच्याही आधी १९९३ ला टाइप १ साखरेत कॅप्टोप्रिल या जवळच्याच गोळीने हेच दाखवलं होतं. हे कॅप्टोप्रिल ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघालं, लोकांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं पण खरं आहे.

आबांसारखं बीपी मुळात बरं असलेल्या पण प्रोटीन जाणाऱ्या माणसाला ही गोळी कमी डोसने सुरू करून जपून वाढवतात, चक्कर येतेय का बघत. उलट ज्याला साखर आहे पण बीपी नाही आणि प्रोटीनही नाही त्याला निव्वळ 'किडनी वाचावी' म्हणून देण्यात फायदा नाही, तेही सांगून ठेवतो, नाहीतर धागा वाचून कुणी मेडिकलमधून स्वतःच आणायचा.

क्रिएटिनिनबद्दल रात्री लिहितो, पेशंट थांबलेत.

द्राक्षबाग | मंगळवार, दुपारी १.३०

क्रिएटिनिनचं मी सांगू का, मला आमच्या डॉक्टरांनी शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलं होतं आणि तेव्हाच डोक्यात शिरलं. मला साखर नऊ वर्षं, गोळी पाच वर्षांपासून चालू.

ठिबक बघा. सबमेनमधून (मोठ्या पाइपातून) लॅटरलमध्ये (बारीक नळ्यांत) पाणी येतंय, आणि समजा जादा पाणी परत विहिरीत सोडणारा बायपासचा कॉक कुणीतरी बंद करून ठेवलाय. मोटर चालू केली की नळ्यांत प्रेशर इतकं वाढतं की ड्रिपर उडतात, जॉइंट फुटतात, जिथून थेंब पडायचा तिथून चिळकांडी उडते. किडनीतली चाळणी तशीच. साखरेमुळे त्या चाळणीत येणारी नळी मोठी उघडते आणि बाहेर जाणारी आवळलेली राहते, मध्ये चाळणीवर दाब. हाताच्या पट्ट्याने आपण मोजतो ते दंडातलं बीपी, ते १२८ असलं तरी आत चाळणीवर दाब जास्त असू शकतो. ही गोळी ती बाहेर जाणारी नळी सैल करते. बायपास उघडला की प्रेशर उतरलं, गळती कमी.

आता प्रेशर उतरलं म्हणजे मिनिटाला गाळलं जाणारं पाणीही थोडं कमी होणार ना? तेवढ्यापुरतं क्रिएटिनिन जरा चढतं. माझं १.१ चं १.३ झालं होतं, घरातले सगळे घाबरले, पाच वर्षं झाली अजून १.३ च आहे. प्रोटीन मात्र ४१० वरून १२० वर आलं.

कन्हेरीचा_डॉक्टर | मंगळवार, रात्री १०.००

द्राक्षबाग, तुमचं ठिबकचं उदाहरण मी उद्यापासून ओपीडीत वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

त्याला फक्त आकडे जोडतो. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन आधीच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर साधारणपणे गोळी चालू ठेवतात. आबांचं १.२ होतं, म्हणजे साधारण १.५५ पर्यंत. १.४ ही वाढ १७ टक्क्यांच्या आसपास आहे. ३० च्या वर गेलं तर मात्र कारण शोधायलाच हवं, अंगातलं पाणी कमी झालंय का, सोबत पेनकिलर चालू आहे का, किडनीच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत का.

पोटॅशियमचा आकडा ताईंनी लिहिलाच नाही. तो केला होता का? तो राहून गेला असेल तर आधी तो करा.

वारणाकाठ | मंगळवार, रात्री १०.२५

नाही केला सर!! रिपोर्ट आत्ता परत काढून बघितला, फक्त क्रिएटिनिन आणि साखर आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांनी दोन्ही लिहिलं होतं, लॅबवाला विसरला की आम्ही, माहीत नाही. उद्या सकाळी करते.

लोणंदकर | बुधवार, सकाळी ६.५०

धागा वाचून राहवलं नाही. या गोळीची दुसरी बाजू पण लोकांना कळली पाहिजे, गोळी वाईट म्हणून नाही, कधी थांबवायची ते माहीत नसतं म्हणून.

माझी आई दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालते. तिला साखर आणि बीपी दोन्ही, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकाच गोळीत एकत्र, आणि गुडघ्यांसाठी ती सोबत पेनकिलर ठेवायची, दिंडीतल्या बायका एकमेकींना देतात तशी. फलटण सोडलं आणि बरडच्या मुक्कामी जुलाब सुरू झाले. दोन दिवस तशीच चालली, पाणी कमी कारण वाटेत लघवीची सोय नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, आणि गोळ्या मात्र नेमाने सगळ्या घेतल्या, बीपीची पण आणि गुडघ्याची पण. नातेपुत्याला चक्कर येऊन पडली. क्रिएटिनिन ३.८. आधी १.३ होतं.

सलाईन लागलं, गोळ्या थांबवल्या, देवाच्या दयेने दीड महिन्यात १.५ वर आलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जुलाब, उलट्या, जास्त ताप, खाणंपिणं बंद, अशा दिवसांत ही गोळी आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवायची असते, डॉक्टरांना फोन करून, आणि पेनकिलर तर या पेशंटने मनाने घ्यायचीच नाही. अंगातलं पाणी आटलेलं असताना तीन औषधं एकत्र, म्हणजे किडनीचा सगळा आधार काढून घेतल्यासारखं.

पण पुढची चूक आमची. बरी झाल्यावर ती गोळी परत सुरू करायची होती, ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. पाच महिने बंद. तोवर प्रोटीन दुपटीच्या वर. म्हणून आता आईच्या पिशवीत मी कागद ठेवलाय, एका बाजूला 'जुलाब लागले तर या दोन बंद' आणि मागच्या बाजूला 'बरं वाटल्यावर डॉक्टरांना विचारून परत सुरू, लेकाला फोन कर'.

सुगंधा_नाशिक | बुधवार, सकाळी ११.१०

लोणंदकर दादा, वाचताना अंगावर काटा आला. आईंना नमस्कार सांगा. तुमच्या कागदाचं मी माझ्या सासऱ्यांसाठी पण करणार.

माझा साधा प्रश्न, ही गोळी चालू असताना नारळपाणी चालतं का? सासऱ्यांना कुणीतरी सांगितलंय की किडनी धुवून निघते, रोज सकाळी एक शहाळं. आणि मीठ कमी करायचं म्हणून मी ते लो सोडियम मीठ आणलंय.

औषधांची_चिठ्ठी | बुधवार, दुपारी ३.४५

ताई, दोन्ही थांबवा आणि पोटॅशियम तपासून घ्या. मी फार्मासिस्ट आहे. ही गोळी शरीरात पोटॅशियम राखून ठेवते, आणि किडनी कमी काम करत असेल तर ते अजून साठतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. आणि लो सोडियम मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइडच घातलेलं असतं, हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं. निरोगी माणसाला चालेल, तुमच्या सासऱ्यांना डॉक्टरांना न विचारता नको. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि आधी काही जाणवत पण नाही. सैंधवाबद्दल पण विचाराल म्हणून सांगते, ते मुख्यतः सोडियमच आहे, साध्या मिठासारखंच मोजून. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे कमी केले तर वेगळं मीठ आणायची गरजच पडणार नाही.

काउंटरवरचं अजून एक. गेल्या महिन्यात एका काकांच्या दोन चिठ्ठ्या आल्या, हृदयाच्या डॉक्टरांची रॅमिप्रिल आणि साखरेच्या डॉक्टरांची टेल्मिसार्टन, दोघांना एकमेकांचं माहीत नाही. नावं वेगळी, पण काम शरीरातल्या बीपी वाढवणाऱ्या एकाच साखळीवर. दोन्ही एकत्र घेतल्याने फायदा वाढेल असं पूर्वी वाटायचं, पण साखरेच्या किडनी पेशंटवरचा लोसार्टन आणि लिसिनोप्रिल एकत्र द्यायचा, २०१३ मध्ये छापून आलेला अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता, पोटॅशियम वाढणं आणि किडनीला अचानक इजा होणं जास्त दिसलं म्हणून. मी काकांना थांबवून दोन्हीकडे फोन लावून दिला. तेव्हा सगळ्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना पूर्ण फाइल दाखवा.

आणि टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा धरते, आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नका, घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढा.

मनोहर_के | बुधवार, रात्री ८.३०

मी सोमवारी गोळी थांबवायचं लिहिलं होतं ते मागे घेतो. काकांच्या मुलाशी आज बोललो, त्यांना सुरुवातीची दहा वर्षं लघवीची तपासणी कधी झालीच नव्हती, गोळ्या सुरू झाल्या तेव्हा क्रिएटिनिन आधीच ३ च्या वर होतं. डॉक्टरसाहेब, एक विचारतो, एवढं पुढे गेल्यावर मग गोळी बंद करतात का? आणि रॅमिप्रिलने मला स्वतःला खूप कोरडा खोकला झाला होता, त्याचं काय करायचं?

कन्हेरीचा_डॉक्टर | बुधवार, रात्री १०.४०

मनोहरराव, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं.

खोकला 'प्रिल' वाल्या गोळ्यांचा, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल. 'सार्टन' वाल्यांत तो फारसा होत नाही म्हणून बदलून देतात. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र गोळी बंद करून लगेच दवाखाना. मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी दोन्ही प्रकार गरोदरपणात घ्यायचे नाहीत, बाळाच्या किडनीला धोका असतो, प्लॅन करतानाच डॉक्टरांना सांगायचं.

पुढच्या टप्प्यात बंद केल्याने किडनी सुधारते का, हा प्रश्न आम्हालाही होता. २०२२ मध्ये ४११ पेशंटचा अभ्यास आला, किडनी बरीच गेलेले लोक, अर्ध्यांची गोळी बंद केली. तीन वर्षांनी बंद केलेल्यांची किडनी काही चांगली राहिली नव्हती. तेव्हा पोटॅशियम किंवा लो बीपीचं कारण नसेल तर नुसता आकडा बघून बंद करत नाही.

आणि ही एकच गोळी पुरते असंही नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही साखरेची म्हणून आलेली औषधं आता किडनीसाठी सोबत देतात, ती चाळणीत येणाऱ्या नळीच्या बाजूने दाब कमी करतात, द्राक्षबाग यांच्या भाषेत सबमेनचा कॉक थोडा फिरवल्यासारखं. पेटंट संपल्यामुळे आता स्वस्तात मिळतात. आबांना चालेल का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

माझी खरी तळमळ वेगळी आहे. टाइप २ साखर कळली त्या दिवसापासून दरवर्षी लघवीची ती एक तपासणी व्हायला हवी आणि ती होत नाही. लोक तीन महिन्यांची साखर करतात, पाय दाखवतात, आणि ही राहते, कारण काही दुखत नाही. फेस दिसेपर्यंत थांबलो म्हणजे बरीच वर्षं हातातून गेलेली असतात.

वारणाकाठ | रविवार, सायंकाळी ६.१५

उशिरा लिहितेय, सॉरी. पोटॅशियम ४.६ आलं. शुक्रवारी आबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळी परत सुरू केली, आठवडाभर २० आणि मग ४०, तीन आठवड्यांनी दोन्ही तपासण्या. दुसऱ्या औषधाचं पुढच्या भेटीत बघू म्हणाले.

आबांना मी ठिबकचं उदाहरण सांगायला लागले तर मध्येच थांबवून म्हणाले, म्हणजे रेडिएटरची कॅप. गरम झालेल्या गाडीत प्रेशर वाढलं की कॅपमधून सुटतं, ती जाम झाली की होज फुटतो. ३० वर्षं गाडी चालवलेला माणूस, त्यांना एका वाक्यात कळलं, आणि मी आठवडाभर शब्द शोधत होते.

द्राक्षबाग | रविवार, सायंकाळी ७.००

आबांचं उदाहरण माझ्यापेक्षा सरस आहे. तीन महिन्यांनी प्रोटीनचा आकडा नक्की टाका.

वारणाकाठ | तीन महिन्यांनी, शनिवार, रात्री ९.०५

टाकते म्हटलं होतं म्हणून वर काढतेय धागा. क्रिएटिनिन १.४, तिथेच आहे. पोटॅशियम ४.८. रेशो ३४० वरून १९० झाला. डापाग्लिफ्लोझिन पण महिन्याभरापासून चालू आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आबा रोज तारखेच्या चौकोनात बीपी लिहितात आणि गोळी घेतली की बाजूला टिक, निळ्या पेनने, एकही चौकोन रिकामा नाही. गेल्या महिन्यात दोन दिवस उलट्या झाल्या तेव्हा डॉक्टरांना फोन करून बंद केली होती, त्या दोन चौकोनांत टिकच्या जागी 'फोन' असं लिहिलंय.

आणि मामा गेल्या रविवारी आले होते. त्यांना साखर ११ वर्षांपासून आहे. आबांनी आपला रिपोर्ट समोर ठेवला आणि विचारलं, तुमची लघवी शेवटची कधी तपासली? मामा म्हणाले कधीच नाही. सोमवारी सकाळी आबाच त्यांना गाडीवर बसवून लॅबमध्ये घेऊन गेले. रिपोर्ट आज आला, ८५.